लिपच्या अलीकडची वीस पावलं

टेरेन पार्कच्या फाटकाशी मी पहिल्यांदा थांबले तेव्हा स्नोबोर्डवरचा, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायच्या फळीवरचा, माझा तिसरा हिवाळा चालू होता. टेरेन पार्क म्हणजे उड्या मारायला बर्फाचे उंचवटे आणि घसरायला पट्ट्या मांडलेला उताराचा भाग. टाचेच्या कडेवर आणि चवड्याच्या कडेवर वळणं जमत होती, मध्यम उतारावरून न पडता खाली येता येत होतं. पार्कची ओढ लागली ती चेअरलिफ्टमुळे. ती लिफ्ट बरोब्बर पार्कच्या डोक्यावरून जायची आणि दिवसातून आठ-दहा वेळा त्या खुर्चीत बसून मी खाली बघत राहायचे. एखादी मुलगी सरळ रेषेत यायची, बर्फाच्या उंचवट्यावरून सुटायची, आणि क्षणभर ती एकीकडे आणि तिची सावली दुसरीकडे असायची. मग दोघी पुन्हा एकत्र यायच्या. उतरल्याचा आवाज वर खुर्चीपर्यंत ऐकू यायचा. चुकीचं उतरलं की धप्प, आणि नीट उतरलं की नुसतं कापड फाडल्यासारखं हलकं सर्रर्र. मला उंच जायचं नव्हतं की गिरक्या घ्यायच्या नव्हत्या. मला तो दुसरा आवाज काढायचा होता.

मला पार्कात नेलं माझ्या भाच्यानं. वय सोळा, पण पार्कात चार हिवाळे काढलेले. फाटकाशी त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, पहिल्या फेरीत कशावरही चढायचं नाही. नुसतं बाजूबाजूनं जायचं आणि बघायचं. मीसुद्धा रोज सकाळी तेच करतो."

फाटकावर नारिंगी लंबगोलाची पाटी होती. उत्तर अमेरिकेतल्या रिसॉर्टांत नेहमीच्या उतारांना हिरवा गोल, निळा चौकोन, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची काळी खूण असते, आणि हा नारिंगी लंबगोल फक्त पार्कसाठी. त्याच्या खाली आकार लिहिलेला असतो: एस, एम, एल, कुठे एक्सएल. हे आकार त्या त्या रिसॉर्टपुरते असतात, एका डोंगरावरचा मध्यम दुसऱ्या डोंगरावर मोठा ठरू शकतो. हेल्मेट आहे का, हे फाटकाशी उभ्या असलेल्या माणसानं नजरेनंच तपासलं. पाटीवर बाकी सूचना थोड्या होत्या. छोट्यापासून सुरुवात करा, मनात आखणी करा, उडण्याआधी बघा, दुसऱ्यांचा मान राखा, झेपेल तेवढंच करा. मी ती पाटी घाईत वाचली. पुढे दीड महिना तीच पाटी माझ्या डोक्यात फिरणार होती.

त्या पहिल्या फेरीत भाच्यानं मला एकेक गोष्ट दाखवली. जंपच्या वरच्या टोकाला, जिथून बोर्ड सुटतो, त्या धारेला लिप म्हणतात. त्याच्यापुढे सपाट भाग, तो टेबल. टेबल संपून उतार सुरू होतो तो बाक म्हणजे नकल. मूठ आवळल्यावर बोटांची जी हाडं वर येतात त्यांच्यासारखा तो दिसतो, म्हणून ते नाव. नकलच्या पुढचा तिरका उतार म्हणजे लँडिंग. उतरायचं ते तिथंच. टेबलावर नाही, नकलवर नाही, आणि लँडिंग संपून सपाटी लागते तिथंही नाही.

"आता इथं उभी राहा आणि वर बघ," तो म्हणाला. आम्ही लँडिंगच्या बाजूला होतो. मी वर बघितलं. वरून कोण येतंय ते अजिबात दिसत नव्हतं. "तुला ते दिसत नाहीत तसं त्यांनाही तू दिसत नाहीस. म्हणून लँडिंगवर कधीही थांबायचं नाही. पडलीस तरी आधी बाजूला सरकायचं, मग कुठं दुखतंय ते बघायचं." आणि वर रांगेत आपली पाळी आली की मोठ्यानं "ड्रॉपिंग" म्हणायचं, हात वर करायचा, मग निघायचं. एका वेळी एकच. कुणी लँडिंगवर पडलेला असेल तर नकलपाशी उभं राहून डोक्यावर हातांची फुली करायची. ती फुली दिसली की वरचा माणूस थांबतो. एकमेकांना न ओळखणारी माणसं हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळतात की मला त्या जागेबद्दल पहिल्याच दिवशी आदर वाटला.

सुरुवात झाली सपाट बर्फावर ऑलीपासून. वजन मागच्या पायावर घ्यायचं, पुढचा पाय उचलायचा, बोर्डाची शेपटी धनुष्यासारखी वाकते, ती सुटताना आपल्याला वर ढकलते. दोन दिवस मी एवढंच केलं. मग लहान लहान लाटांसारखे उंचवटे, रोलर म्हणतात त्यांना. तिथं गुडघे मऊ ठेवून बर्फाला चिकटून जायला शिकले. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढं सगळं याच्यावर उभं राहतं.

बॉक्सनं मात्र मला आठवडाभर रडवलं. बॉक्स म्हणजे लोखंडी चौकटीवर बसवलेली जाड प्लॅस्टिकची पट्टी, माझ्या त्या बॉक्सची रुंदी दोन वीत, लांबी चार-पाच मीटर. मी त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून हात फिरवला होता. प्लॅस्टिकवर शेकडो बोर्डांनी ओढलेल्या रेघा होत्या, लाल, निळ्या, काळ्या, काही इतक्या खोल की नख अडकावं. सगळ्या रेघा सुरुवातीला सरळ होत्या आणि मधेच एकदम तिरक्या होऊन कडेबाहेर गेलेल्या. त्या तिरक्या रेघा म्हणजे एकेकाचं पडणं होतं.

कारण साधं आहे. बर्फावर घसरायला लागलो की आपण बोर्ड कडेवर घेतो आणि कड बर्फात रुतते. तीन हिवाळे माझ्या शरीरानं हेच शिकलेलं. प्लॅस्टिकमध्ये कड रुतत नाही. कड लावली की बोर्ड पायाखालून निसटतो. बर्फावर जे वाचवतं तेच इथं पाडतं. बॉक्सवर बोर्डाचा तळ पूर्ण सपाट ठेवायचा, नजर बॉक्सच्या शेवटाकडे, आणि काहीही करायचं नाही. हे "काहीही करायचं नाही" फार अवघड. मी बॉक्सवर चढायचे, जरा डगमगलं की टाच आपोआप दाबली जायची, आणि मी कमरेवर आपटायचे. भाच्यानं माझ्या बोर्डाच्या कडा, बाइंडिंगांच्या, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, आसपासच्या भागात, कानशीनं थोड्या बोथट करून दिल्या. पार्कात जाणारे हे करतात, म्हणजे रेलवर, बॉक्ससारख्याच घसरायच्या लोखंडी दांड्यावर, कड अडकत नाही. पण शरीराची सवय कानशीनं जात नाही. पाचव्या दिवशी दुपारी एकदा मी बॉक्सच्या पलीकडे लावलेल्या बांबूच्या काठीकडे बघत चढले आणि ती काठी जवळ आली, एवढंच मला कळलं. खाली काय झालं ते कळलंच नाही. मागे वळून बघितलं तर माझी नवी रेघ शेवटपर्यंत सरळ गेलेली होती.

जंपसाठी मी एका प्रशिक्षक बाईंचे दोन तास घेतले. भाचा उत्तम उडतो, पण कसं उडतो ते त्याला सांगता येत नाही. तो लहानपणी शिकला. बाईंनी मला बोर्ड काढायला लावला आणि जंपच्या कडेकडेनं चालत वर नेलं. लिपपासून मागे त्यांनी वीस पावलं मोजली आणि धावपट्टीच्या बाहेर, कडेच्या मऊ बर्फात बोर्डाच्या टोकानं रेघ ओढली.

"या रेघेच्या वर तुला हवं ते कर," त्या म्हणाल्या. "वेग जास्त वाटला, वळण घे. मन नाही म्हणालं, जंप सोडून बाजूनं निघून जा, कुणी काही म्हणणार नाही. पण रेघ ओलांडलीस की निर्णय झालेला असतो. त्याच्यापुढे ब्रेक नाही, वळण नाही, कड नाही. तळ सपाट, गुडघे वाकलेले, नजर पुढं."

वीस पावलं म्हणजे साधारण पंधरा मीटर. त्या जंपच्या वेगाला दीड सेकंद. दीड सेकंद हात बांधून बसायचं.

पार्कात उडीचे चार भाग मानतात: जवळ येणं, सुटणं, हवेत असणं आणि उतरणं. बघणाऱ्याचं सगळं लक्ष तिसऱ्यावर असतं, माझंही होतं. बाई म्हणाल्या की त्यांच्यापुरतं विचाराल तर पहिलाच भाग खरा, बाकीचे तीन त्याचेच परिणाम. हवेत गेल्यावर वेग बदलता येत नाही, दिशा बदलता येत नाही. जे ठरायचं ते वरतीच ठरलेलं असतं. वेगाचा अंदाज येईना तेव्हा त्यांनी मला आपल्या मागे ठराविक अंतर ठेवून यायला सांगितलं. त्या लिपच्या आधी बाजूला वळल्या आणि मी त्यांच्याच वेगानं पुढं गेले. तीन मीटरची छोटी जंप. नकल पायाखालून गेलेलं दिसलं आणि लँडिंगनं मला अलगद उचलून घेतलं. मी उतरले असं वाटलंच नाही, उतारच वर आला.

पुढच्या दहा दिवसांत ती छोटी जंप मी किती वेळा केली त्याची मोजदाद नाही. मग मध्यम, टेबल सहा मीटरचं. तीही सकाळी दोनदा नीट झाली.

त्या दिवशी दुपारी तिसऱ्यांदा मी त्याच जागेवरून निघाले. सकाळी बर्फ कडक होता, दुपारपर्यंत उन्हानं मऊ झालेला. मऊ, ओला बर्फ तळाला धरून ठेवतो, वेग कमी मिळतो. सकाळची जागा दुपारी चालत नाही, अजून चार-पाच मीटर वरून निघायला हवं होतं. हे मला माहीत होतं आणि मी ते केलं नाही. निघाले आणि ढग आला. सूर्य झाकला की बर्फावरच्या सावल्या जातात, आणि सावल्या गेल्या की खोलगट काय, उंच काय, काही ओळखू येत नाही. बोर्डवरचे लोक याला सपाट उजेड म्हणतात. समोर नुसता पांढरा कागद. लिप कुठं आहे ते मला दिसेना. रेघेच्या वर असताना मी बाजूला निघून जायला हवं होतं, तशी मोकळी जागाही होती. पण मी रेघ ओलांडली आणि मग घाबरले. टाच दाबली. फार नाही, किंचित. कडेचा खरखर आवाज मला ऐकू आला तेव्हाच मला कळलं होतं.

टाच दाबल्यानं दोन गोष्टी झाल्या. होता तो वेगही कमी झाला, आणि वजन मागे गेलं. लिपवरून सुटताना मी मागे कलंडलेली होते. नकलवर बोर्डाची शेपटी आपटली आणि मागे टेकायला गेलेला उजवा हात माझ्या अंगाखाली आला.

दुखायला लागायच्या आधी मी वर बघितलं. भाचा माझ्यामागे रांगेत होता. तो पार्कच्या कडेनं धावत खाली आला, नकलवर उभा राहिला आणि त्यानं डोक्यावर हातांची फुली केली. त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता, पण हात घट्ट होते. कुणीतरी आपला बोर्ड काढून माझ्या वरच्या बाजूला बर्फात आडवा रोवला. स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवरच्या मदत पथकाची, दोन माणसं आली. त्यातल्या एकानं हातमोजा न ओढता सावकाश कापून काढला, बोटांची टोकं एकेक करून दाबली, "इथं कळतंय का, इथं?" विचारलं, नाडी बघितली, मनगटाला आधार बांधला. त्याच्या आवाजात घाई नव्हती, त्यानंच मला अर्धं बरं वाटलं. मनगटाजवळ हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लॅस्टर.

स्नोबोर्डवरच्या दुखापतींत मनगट सगळ्यांत पुढे असतं. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पाय टाकून सावरता येत नाही, मग हात पुढं किंवा मागं जातो आणि सगळा भार उघड्या तळव्यावर येतो. नवशिक्यांना शिकवतात की मुठी आवळा, हात अंगाशी घ्या, पुढं पडलात तर कोपरापासून मुठीपर्यंतच्या हातावर पडा, मागं पडलात तर हनुवटी छातीला लावून पाठीवर लोळा. मलाही शिकवलं होतं. मनगटाला आधार देणारे गार्ड मी घेतले नव्हते. जो कुणी हे वाचून बोर्डवर उभा राहणार असेल त्यानं बूट नंतर निवडावेत, गार्ड आधी घ्यावेत. हे मी मनापासून सांगते.

प्लॅस्टरच्या काळात मी वही घेऊन बसले, कारण एवढ्याशा टाचेनं एवढं कसं झालं हे मला समजून घ्यायचं होतं. हवेचा अडथळा सोडून दिला आणि सुटण्याची-उतरण्याची पातळी एकच धरली तर उडीची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. २० अंशांच्या लिपवरून या वेगानं सुटलं तर साधारण साडेसहा मीटर अंतर कापलं जातं. सहा मीटरचं टेबल ओलांडलं, लँडिंग मिळालं. आता वेग फक्त दहा टक्क्यांनी कमी करा. उडी दहा टक्क्यांनी नाही, एकोणीस टक्क्यांनी आखूड होते. सव्वापाच मीटर. म्हणजे थेट टेबलावर. दहा टक्के वेग म्हणजे ओला बर्फ आणि किंचित दाबलेली टाच. आकडे लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्या पानाकडे बघत होते.

दुसरी गोष्ट उतरण्याच्या कोनाची. एक मीटर उंचीवरून सरळ सपाट जमिनीवर पडलं तर आपण सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगानं आपटतो. तोच माणूस तिरक्या उतारावर, उताराच्या जवळजवळ समांतर दिशेनं आला तर जमिनीला काटकोनात जाणारा वेगाचा भाग अगदी थोडा उरतो, बाकीचा सगळा पुढं वाहून जातो. गणिती लोक यासाठी समतुल्य पतन-उंची मोजतात: या जंपवर या जागी उतरणं म्हणजे सपाटीवर किती उंचीवरून पडण्यासारखं आहे. लँडिंगचा आकार नीट असेल तर मोठ्या उडीतही ती उंची लहान राहते. म्हणजे चेअरलिफ्टमधून मला जो हलका सर्रर्र आवाज ऐकू यायचा तो उडणाऱ्याच्या कौशल्याइतकाच बर्फाच्या आकाराचा आवाज होता.

तो आकार कोण देतं ते बघायला मी, हात गळ्यात बांधून, दोन पहाटे पार्कच्या दोरीबाहेर जाऊन उभी राहिले. रात्रभर यंत्रांनी बर्फ हलवून झालेला होता. स्नोकॅट म्हणजे रुंद पट्ट्यांवर चालणारं, पुढं पातं आणि मागं बर्फ भुसभुशीत करून दाबणारा फिरता रूळ असलेलं यंत्र. ते ढोबळ आकार देतं. पण लिपची शेवटची धार हातानं घडवतात. चार माणसं, लांब दांड्यांचे रुंद दाताळे, एकही शब्द नाही. एक जण लिपच्या पायथ्याशी आडवा झोपून, एक डोळा मिटून, वक्ररेषा बघत होता. सुतार रंधा मारून फळीकडे जसा बघतो तसाच. मग त्यानं हाताचा पंजा हलवून एका जागेकडे बोट केलं, दुसऱ्यानं तिथला बोटभर बर्फ खरवडला. पुन्हा झोपून बघितलं. बोटभर फुगवटा राहिला तर सुटताना बोर्डाला धक्का बसतो आणि माणूस मागं कलंडतो. हे काम त्यांनी एका लिपवर अर्धा तास केलं. मग त्यांच्यातली एक मुलगी बोर्ड बांधून वर गेली, स्वतः उडून बघितलं, खाली येऊन मान हलवली. पुन्हा दाताळे. दुसऱ्यांदा उडून आल्यावरच दोरी निघाली.

दुपारी बर्फ मऊ झाला की लिपवर बोर्डांच्या खाचा पडतात, पुन्हा दोरी लागते, पुन्हा दाताळे. मी आधी त्या दोरीवर चिडायचे. आपली पाळी आली की नेमकी बंद.

या पार्कांचा इतिहासही मी त्याच दिवसांत वाचला. १९६५ साली शर्मन पॉपेन या गृहस्थानं आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून स्नर्फर बनवला, तिथून ही फळी सुरू झाली. पुढं जेक बर्टन कार्पेंटर आणि टॉम सिम्स यांनी ती हल्लीच्या बोर्डाजवळ आणली. १९७९ च्या सुमारास टाहो सिटीत कचरा टाकायच्या जागेजवळच्या एका नैसर्गिक घळीत काही पोरं उड्या मारायला लागली. बर्फातला पहिला हाफपाइप, म्हणजे दोन्ही बाजूंना वर चढत जाणाऱ्या भिंतींची अर्ध्या नळीसारखी वाट, म्हणून तीच जागा सांगितली जाते. तेव्हा बहुतेक रिसॉर्ट बोर्डवाल्यांना लिफ्टवर घेतही नसत. अमेरिकेत आल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीन ठिकाणं अजूनही घेत नाहीत. स्केटबोर्डचे शब्द, स्केटबोर्डचे आकार, सगळं त्या पोरांनी बर्फात आणलं, आणि १९९८ साली नागानोला हाफपाइप ऑलिंपिकमध्ये पोचला, २०१४ ला सोचीत स्लोपस्टाइल (एका उतारावर ओळीनं रेल आणि जंप), २०१८ ला बिग एअर (एकाच मोठ्या जंपवरची उडी). मोठ्या स्पर्धांतल्या हाफपाइपच्या भिंती आता २२ फुटी असतात. मला सगळ्यांत धीर दिला तो आना गॅसरनं. ही ऑस्ट्रियाची बाई आधी जिम्नॅस्ट होती, बोर्डवर इतरांपेक्षा उशिरा आली, आणि २०१८ आणि २०२२, दोन्ही वेळचं बिग एअरचं सुवर्ण तिचंच. तिची आणि माझी बरोबरी नाही. पण उशिरा येणाऱ्यांना ती जागा बंद नाही एवढं कळलं.

प्लॅस्टर निघाल्यावर मनगट काडीसारखं झालं होतं. अजून चार आठवडे चेंडू दाबणं, मूठ उघडणं-मिटणं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी परत गेले तेव्हा हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस उरले होते. गार्ड घातले. पुन्हा रोलर. पुन्हा ऑली. बॉक्स पहिल्याच दिवशी झाला, त्याचं मला नवल वाटलं. छोट्या जंपच्या वर मात्र मी तीन वेळा "ड्रॉपिंग" म्हणून निघाले आणि तिन्ही वेळा रेघेच्या आधी बाजूला वळले. चौथ्यांदा रांगेतल्या एका अनोळखी मुलानं मला पुढं जायची खूण केली आणि तो शांतपणे थांबला. मी त्याला म्हटलं, तू जा, मला वेळ लागेल. तो गेला. मी बर्फावर बसून पुढच्या वीस जणांचा वेग बघत राहिले. कोण कुठून निघतो, कुठं शेवटचं वळण घेतो, कोण नकलवर पडतो, कोण फार पुढं. तासाभरात मला कळायला लागलं की आज, या बर्फात, त्या निळ्या काठीच्या बाजूनं निघणारे बरोबर उतरतायत. मीही तिथून निघाले.

वसंतात सकाळचा बर्फ आदल्या रात्रीचा गोठलेला, काचेसारखा. दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर सैल होतो आणि तासभर तो अगदी हवा तसा असतो. मग ओला. मी रोज तो एक तास धरला. बाकी वेळ बॉक्स, नाहीतर बघणं. मध्यम जंपवर जायला मला नऊ दिवस लागले.

त्या दिवशी उजेड स्वच्छ होता, लिपची सावली शाईनं काढल्यासारखी. आदल्या दोन फेऱ्यांत मी जंपच्या बाजूनं जाऊन वेग तपासला होता. रेघ कधीच वितळली होती, पण वीस पावलं माझ्या पायांना माहीत होती. ती जागा आली आणि गेली. टाच दाबायची इच्छा झाली, ती मला स्पष्ट जाणवली, जशी शिंक येताना जाणवते. मी गुडघे अजून थोडे वाकवले आणि समोर दूरच्या झाडाकडे बघितलं. सुटताना दोन्ही पायांनी सारखं ढकललं. हवेत मला वाऱ्याचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला, खरंतर बर्फावरची घासट बंद झाली होती. नकल खालून गेलं. मग सर्रर्र.

मी लगेच बाजूला सरकले, दोरीला टेकून थांबले, आणि मनगट वळवून बघितलं. ते ठीक होतं. भाचा वरून ओरडत आला, मला मिठी मारताना दोघांचे बोर्ड एकमेकांत अडकले. मग तो एकदम गप्प झाला आणि शेजारच्या मोठ्या जंपकडे बघायला लागला. बारा मीटरचं टेबल. दोन हिवाळे तो तिच्या कडेनं जात होता, मला ते तोवर माहीत नव्हतं.

"सकाळपासून बघतोय. वेग कुठून घ्यायचा ते कळलंय," तो म्हणाला. "मावशी, तू नकलपाशी उभी राहशील? वरून मला खालचं दिसणार नाही."

मी बोर्ड काढला, पार्कच्या कडेनं चालत वर गेले आणि नकलच्या बाजूला, त्याच्या वाटेबाहेर उभी राहिले. खालच्या लँडिंगवर एक जण पडला होता. मी हातांची फुली करून उभी राहिले. तो माणूस उठला, बर्फ झटकला, सावकाश दोरीपर्यंत गेला. मी आणखी एकदा सगळं लँडिंग वरून खालपर्यंत बघितलं. मोकळं होतं. मग मी हात खाली घेतले आणि उजवा हात सरळ वर केला.